पंचामृतातली प्लेट

लातूर फाट्यावर ऑटोवाला आणखी सवाऱ्यांची वाट बघत थांबला होता आणि मी मागच्या कोपऱ्यात, मांडीवर पर्स आणि पर्सवर कोथिंबिरीची जुडी घेऊन बसले होते, तेवढ्यात मोबाईल थरथरला. लुंबिनीचा मेसेज. एक फोटो, काळाकरडा, मायक्रोस्कोपखाली काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, आतून पूर्ण भरली. बोगदा नाही!!’ आणि लगेच दुसरा, ‘तुमच्यामुळं झालं मॅडम.’ मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. डावीकडं सरकवला, उजवीकडं सरकवला, खालच्या कडेला नेला. जिथं बोगदा असतोच असतो, जिथं मला तो कायम भेटत आलाय, तिथं शोधला. नव्हता. कोथिंबिरीचा वास एकाएकी इतका उग्र वाटायला लागला की जुडी मी पायाशी ठेवून दिली. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय झालं ताई, वाईट बातमी हाय का?” मी म्हटलं, “नाही हो, चांगलीच आहे.” तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि जरा पलीकडं सरकून बसली.

चांगलीच होती. लुंबिनी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मी तिची गाइड, विष्णुपुरीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी एकाच मशीनवर काम करतो. तिचं यश ते माझं यश, असं निरोपसमारंभात म्हणायची पद्धत आहे, मीही तसं म्हणाले आहे, हार घालून घेताना. पण त्या ऑटोत मला जे वाटलं, त्याला दुसरं नाव नव्हतं. मी जळले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, घरी रेल्वेच्या ऑफिसातला शांत नवरा, अकरावीतली मुलगी, आणि मी सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळले. घरी पोचले तर नवऱ्यानं, विरूपाक्षनं, दार उघडलं आणि हातातली जुडी घेत विचारलं, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “काही नाही, लुंबिनीची प्लेट जमली.” तो म्हणाला, “अरे वा, मग तर पार्टी!” साधा माणूस. त्याच्यावरही मला राग आला.

आमचं काम समजायला अवघड नाही, करायला आहे. मॅग्नेशियम हा फार हलका धातू, आणि तितकाच तापट. वितळवायला जावं तर पेट घेतो, आणि पेटला की त्यावर पाणी टाकून चालत नाही, पाण्यानं आणखी भडकतो, म्हणून आमच्या मशीनशेजारी लाल बादलीत कायम कोरडी वाळू भरलेली असते. तेव्हा आम्ही तो वितळवतच नाही. पोलादाची एक जाड पिन गरगर फिरवत पट्टीत घुसवायची. घर्षणानं धातू तापतो, वितळत नाही, नुसता मऊ पडतो, आणि पिन त्याला पुरण घाटावं तसा घाटत पुढं सरकते. घाटण्याआधी पट्टीत बारीक चर पाडून हाडातल्या क्षारांसारखी पांढरी भुकटी भरायची, म्हणजे ती धातूत एकजीव होते. अशी घाटून झालेली पट्टी म्हणजे आमची प्लेट. पुढंमागं या धातूचे स्क्रू मोडक्या हाडात बसवता यावेत, हाड जुळेपर्यंत त्यांनी धरून ठेवावं आणि मग शरीरातच सावकाश विरघळून जावं, दुसऱ्या ऑपरेशनची गरज पडू नये, अशी सगळी खटपट. विरघळावं, पण सावकाश. आणि बोगदा म्हणजे काय, तर पिन पुढं जाते, मागं धातू पुरता भरत नाही, आणि पट्टीच्या पोटात एका कडेनं लांबच लांब पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. वरून पट्टी इतकी सुंदर दिसते की हात फिरवावासा वाटतो.

दहाएक वर्षं मी त्या बोगद्याच्या मागं आहे. जुनं मिलिंग मशीन मीच मागून घेतलं, त्यावर पिन बसवायची सोय मीच करून घेतली, वेग बदलले, पिनेचा कल बदलला, परिषदांत पेपर वाचले. प्रत्येक पेपरात शेवटी ‘पोकळीचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले’ असं वाक्य असायचं. कमी झालं होतं, गेलं नव्हतं. आणि ही पोर आली, दोन वर्षं शाळेतल्या पोरीसारख्या वेण्या घालून यायची, ओढणी कमरेला खोचून मशीनजवळ उभी राहायची, आणि पिन फिरायला लागली की एक हात मशीनच्या बैठकीवर ठेवायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडले होते, हात काढ म्हणून. ती म्हणाली, “मॅडम, लांबचंय की. आवाज ऐकून राहिले.” मी म्हटलं, “आवाज कानानं ऐकतात.” ती हसली. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नव्हतं, आता आठवताना वाटतं. कदाचित तेव्हा आवडलंही असेल. हेवा एकदा घरात आला की तो मागच्या दिवसांतही जाऊन बसतो आणि सगळ्या जुन्या गोष्टी आपल्या सोयीनं लावून ठेवतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी तिच्या फेलोशिपवरून एक वाकडा शब्द काढला होता, तेव्हा मी चहा ढवळत गप्प बसले होते. बोलायला हवं होतं. पण गप्प बसण्यात मला गोडी वाटली होती, हे मला त्या चहाच्या कपासकट आठवतं.

पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं तिला बोलावलं होतं, प्लेट घेऊन. शरीरातल्या पाण्यासारखं खारं पाणी करून त्यात ते लोक धातू ठेवतात आणि किती हळू झिजतो ते बघतात. प्लेट पसंत पडली तर लुंबिनी तिथंच राहून पुढचं काम करणार होती. मी त्याच प्रयोगशाळेला दोनदा पत्र पाठवलं होतं, पूर्वी. ‘आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार’ असं उत्तर आलं होतं. आता अट एकच होती, प्लेटच्या पृष्ठभागाला कशाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि आत कुठंही पोकळी नाही याचा पुरावा आणायचा. लुंबिनीनं फक्त टोकाचा तुकडा कापून बघितला होता. टोकाला बोगदा नव्हता. पण बोगदा मधेच सुरू होऊन मधेच संपू शकतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? म्हणून एक्स-रे काढायचा. आमच्याकडं त्याची सोय नाही. माझा चुलतभाऊ सोमेश लातूरला एक्स-रे सेंटर चालवतो, मॅग्नेशियम इतका हलका की हाडांचं मशीन त्यातून आरपार बघतं, आणि वर्षानुवर्षं माझ्या पट्ट्या पेशंटांच्या मधल्या वेळात सोमेशच्या टेबलावर पडत आल्यात. लुंबिनी म्हणाली, “मॅडम, मी जाऊन येते.” मी म्हटलं, “नको, मी शनिवारी माहेरी चाललेच आहे.” चालले नव्हते. तेव्हाच ठरवलं.

खरं सांगायचं तर मला त्या प्लेटीत बोगदा हवा होता. दुसरं काही नको होतं. एक केसाएवढा, मधेच कुठंतरी. मग मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणणार होते, ‘होतं गं असं, माझं तर वर्षानुवर्षं होत आलंय.’ ते वाक्य मी तयार करून ठेवलं होतं, त्यातला ‘गं’सुद्धा. आणि त्याच्याही आधी, गुरुवारी ती दुपारीच घरी गेल्यावर, मी लॅबमध्ये एकटी राहिले होते. तिनं लावलेला वेग तसाच ठेवला, तोच कल, तीच पिन, तीच भुकटी. नवी पट्टी बसवली. कुणी नव्हतं. मी चक्क बैठकीवर हात ठेवला. मशीनची थरथर कोपरापर्यंत आली, दातांत आली, आणि मला त्यातून काही म्हणजे काही कळलं नाही. पट्टी मात्र देखणी उतरली. दोन्ही प्लेटी तळहाताएवढ्या, दोन्ही रुपेरी, दोन्हींवर पिनेच्या वाटेची तीच बारीक नक्षी. तिच्या प्लेटीच्या पाठीला तिनं कोपऱ्यात बारीक ‘लुं’ कोरलं होतं. माझ्या प्लेटीवर मी काही कोरलं नाही. वेगवेगळ्या कापसात गुंडाळून स्टीलच्या एकाच डब्यात ठेवल्या आणि शनिवारी सकाळची बस धरली.

लोह्याच्या पुढं ऊन खिडकीतून थेट मांडीवर आलं. मार्चचं ऊन, डबा तापला होता, आणि मी तो पदराखाली धरला होता. अहमदपूरला बस थांबली तेव्हा एक जण खारे शेंगदाणे विकत चढला, आणि मला अव्वाची आठवण झाली, म्हणजे आईची. आम्ही आईला अव्वाच म्हणतो. गंजगोलाईजवळ आमचं आडत दुकान, मल्लेशअण्णा, माझा मोठा भाऊ, आता चालवतो. आमच्या घरात एक रीत आहे. घरात काही नवं आलं, कुणी काही मिळवलं, की ती वस्तू आधी देवघरात. नुसती ठेवायची नाही. अव्वा तिला ताम्हणात घेऊन पंचामृत घालते, स्वच्छ धुते, भस्माची बोटं ओढते, बेलाचं पान वाहते, मग ती वस्तू आपली. हंगामाच्या पहिल्या तुरीचा मूठभर नमुना, अण्णानं घेतलेल्या पहिल्या गाडीची किल्ली, धाकट्या बहिणीचा, अंजूचा, नर्सिंगचा पितळी बॅज, सगळं त्या ताम्हणातून गेलंय. किल्लीत दूध शिरून गाडी दोन दिवस लॉक राहिली होती, अण्णा अजून सांगतो आणि हसतो. माझी पीएच.डी. झाली तेव्हा मी थिसिस घेऊन आले होते, काळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. अव्वानं तो दोन्ही हातांनी उचलला, ताम्हणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “कागदाला कसं गं घालू? भिजंल की.” मग तिनं वरून कुंकवाचं बोट लावलं आणि थिसिस कपाटात ठेवला. एवढंच. बॅज पंचामृतात बुडाला होता, किल्ली बुडाली होती, मी कोरडी राहिले. हे सांगताना मला स्वतःचंच हसू येतं, इतकं शिकलेली बाई ताम्हणावरून रुसून बसलीय. पण रुसवा शिक्षण विचारून येत नाही. दर सुट्टीत अव्वा विचारायची, “तू नेमकं काय करून राहिलीस गं तिकडं?” मी सांगायची. ती मान हलवायची आणि अंजूच्या हॉस्पिटलची गोष्ट काढायची.

सोमेशच्या सेंटरमध्ये गर्दी होती. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय वर. सोमेशनं मला बघून काउंटरवरूनच हात केला, “अक्का, या या! आज काय आणलं हाडवैद्यानं?” हा त्याचा नेहमीचा विनोद. मी डबा पुढं केला. त्यानं दोन्ही प्लेटी एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवल्या, मी बाहेर काचेमागं उभी राहिले, आणि मशीनचा तो छोटासा ठक्क आवाज झाला. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या आल्या. दोन चौकोन. डावीकडचा स्वच्छ, दुधाच्या सायीसारखा एकसारखा, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत. उजवीकडच्याच्या एका बाजूनं काळी रेघ गेली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जराही न तुटता. मला कोपऱ्यातलं ‘लुं’ बघायची गरज नव्हती. ती रेघ मी कुठंही ओळखली असती, ती माझी होती, कित्येक वर्षांची.

सोमेश पडद्याजवळ वाकला. “अक्का, हिला तर फ्रॅक्चर हाय की हो. पार उभं.” मग डावीकडं बोट केलं, “आन् ही एक नंबर. अशी आजपावतो न्हाई आणली तुम्ही. तुमची कोणची?”

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मागं एक म्हातारा गुडघ्याची फिल्म उन्हाला धरून बघत होता. विचार करायला वेळ होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. मी डावीकडं बोट केलं. म्हटलं, “ही.”

“जमलं की मग!” सोमेश मोठ्यांदा म्हणाला, म्हाताऱ्यानंही वर बघितलं. “आन् ही दुसरी?”

“एका विद्यार्थिनीची आहे.”

“बिचारी,” सोमेश म्हणाला, आणि त्यानं खिशातून फोन काढून माझ्यादेखत अव्वाला लावला. “काकू, अक्काची प्लेट पास झाली! हाव, हाव, तीच ती, इतक्या वर्षांची. या म्हणून सांगतो.” मला फोनमधून अव्वाचा आवाज ऐकू आला, शब्द नाहीत, नुसता वर चढलेला आवाज. माझ्यासाठी तो आवाज तसा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की खोटं बोलल्याचं मी त्या क्षणी विसरले. खरंच विसरले. सेंटरमधून घरापर्यंत मी चालत गेले, गोलाईतून, मिरचीच्या पोत्यांमधून, नाक झोंबत होतं, आणि मी मनात म्हणत होते, जमलं की मग, जमलं की मग.

महादेवीवहिनीनं पाणी दिलं. अव्वा दारातच उभी होती, स्वच्छ लुगडं नेसून, कपाळावर ताजं भस्म. तिनं डबा माझ्या हातातून घेतला, कापूस बाजूला केला आणि वरची प्लेट, लुंबिनीची, तळहातावर घेतली, जशी ती रोज सकाळी पूजेला लिंग घेते. “शिवा शिवा! काय हलकी हाय गं ही. रिकामी हाय का काय?”

“रिकामी नाही,” मी म्हटलं. “आतून पूर्ण भरलेली आहे.”

“हे तुझ्या हातचं?”

मी मान हलवली. होय अशी. मग मी पाय धुवायला न्हाणीघरात गेले. गार पाणी पायांवर ओतत राहिले, अंगठ्यात बसची धूळ होती ती घासत राहिले, आणि बाहेरून भांड्यांचा आवाज आला, ताम्हणाचा, तो मी झोपेतही ओळखेन. मला कळायला हवं होतं. मला कळलं होतं, बहुधा. मी आणखी एक तांब्या ओतला.

बाहेर आले तेव्हा सगळे देवघरासमोर होते. वहिनी, दुकानातून जेवायला आलेला अण्णा, शेजारच्या तुळजाबाई. ताम्हणात पंचामृत होतं आणि पंचामृतात लुंबिनीची प्लेट. उन्हाळ्याचं दही, आंबट झालेलं, मध, दूध, तूप, साखर. आणि प्लेटीच्या अंगावरून बुडबुडे उठत होते. अगदी बारीक, मोहरीपेक्षा बारीक, सगळीकडून सारखे, एका लयीत. आंबट लागलं की मॅग्नेशियम असंच झिजायला लागतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हा प्रयोग करून दाखवते. अव्वाचे हात जोडलेले होते. “बघ गं मंजू, बघ, कशी श्वास घेऊन राहिली. किल्लीनं न्हाई घेतला, बॅजानं न्हाई घेतला. तुझी वस्तू जित्ती हाय.” तुळजाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. अण्णा म्हणाला, “आयला, खरंच की.” अव्वाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

एक वाक्य पुरलं असतं. ‘अव्वा काढ, ही माझी नाही, त्या पोरीला सोमवारी न्यायचीय.’ हात लांबवला असता तरी पुरलं असतं. रुपेरी अंग मंद होत चाललं होतं, राखाडी पडत होतं, आता ते हैदराबादच्या कुठल्याही पाण्यात ठेवण्याच्या लायकीचं राहणार नव्हतं, आणि घासून काढावं तर भुकटी मिसळलेला वरचा थरच निघून जाणार. हे सगळं मला स्वच्छ माहीत होतं, पाठ होतं. आणि मी उभी राहिले. अव्वाच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी उभी राहिले, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्या बुडबुड्यांनी मला आनंद झाला. जाऊ दे तिचं, जाऊ दे, असं माझ्या आत कुणीतरी टाळ्या पिटत म्हणत होतं, आणि ते दुसरं कुणी नव्हतं. अव्वानं प्लेट काढली, धुतली, पदरानं पुसली, तिच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. प्लेट डागाळली होती. अव्वाला ते डाग प्रसादाचे वाटले.

जेवण गेलं नाही. माळ्याच्या जिन्यावर, जिथं लहानपणी अभ्यासाला बसायची तिथं बसून मी लुंबिनीला फोन लावला. मला तिचं रडणं ऐकायचं होतं का? माहीत नाही. आवाज मात्र मी जड करून घेतला होता. म्हटलं, “लुंबिनी, एक वाईट झालंय. तुझी प्लेट आईच्या हातून पंचामृतात पडली.”

पलीकडून, “कशात मॅडम?”

“पंचामृतात. दही, दूध. पूजेच्या.”

आणि ती हसली. आधी दाबून, मग मोकळी, तिच्या मागं कुणीतरी ‘काय झालं गं’ विचारत होतं. “मॅडम, माझी प्लेट देवाला पावली म्हणा की!” मग एकदम थांबून, “आन् एक्स-रे?”

“स्वच्छ,” मी म्हटलं. हे खरं होतं. “कुठंही काही नाही.”

“मग झालं तर! नका टेन्शन घेऊ. सोमवारी सकाळी लॅब उघडली की दुसरी काढते, रात्रीच्या गाडीनं हैदराबाद, एक्स-रे तिथंच काढून घेते.”

“दुसरी?” मी म्हटलं. “परत तशीच येईल, असं थोडंच असतं.”

“येईल की मॅडम. हात बसलाय आता. आवाज कळून राहिलाय.” ती सहज म्हणाली, पोळी फुगेल असं कुणी म्हणावं तसं. आणि लगेच, घाईघाईनं, “मॅडम, पर बुडबुडे कसे होते? मोठे का बारीक? सगळीकडून का एकाच जागंतून?”

“बारीक,” मी म्हटलं. “सगळीकडून.”

“मग भुकटी लई मस्त पसरलीय! तुम्ही व्हिडिओ काढला का?”

मी नव्हता काढला. मला सुचलंच नव्हतं. ती बुडबुड्यांत जे बघत होती ते मी तिथं उभी राहून बघितलं नव्हतं, मी फक्त तिचं नुकसान बघत होते. जिन्यावर बसल्या बसल्या मला जाणवलं की मी तिचं काहीच मोडलेलं नाही. मोडण्यासारखं तिनं माझ्या हातात काही दिलंच नव्हतं. ती प्लेट म्हणजे तिच्यासाठी एक प्लेट होती. सोमवारी दुसरी होईल, मग तिसरी. मला मात्र ती एकच होती, आणि तीही माझी नव्हती.

“मंजू!” खालून अव्वाची हाक आली. मी खाली आले. तिच्या हातात डबा होता आणि डब्यातून तिनं दुसरी प्लेट काढली होती. “ही कोणाची गं?”

मी अव्वाकडं बघितलं. ताम्हण अजून तिथंच होतं, पंचामृत अर्धं उरलेलं. आता सांगता आलं असतं, हेही एक वाक्य होतं, पहिल्यापेक्षा लहान. ‘ही माझी.’

“माझ्या एका विद्यार्थिनीची,” मी म्हटलं. “तिची नाही जमली.”

“काय नाव पोरीचं?”

“लुंबिनी.”

अव्वानं नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. “चांगलं नाव हाय. मग तिला असंच कोरडं का वापस न्यायचं? लेकराचे कष्ट हायत. जमलं न्हाई म्हणून काय झालं.” आणि मी काही म्हणायच्या आत तिनं ती प्लेट ताम्हणात ठेवली, बेलाचं पान सारखं केलं आणि वाटीनं पंचामृत घालायला लागली. डोळे मिटले होते. “महादेवा, ह्या लुंबिनीला यश दे. हिच्या हाताला गुण दे.” माझ्या प्लेटीवरून दही ओघळलं. आधी काही झालं नाही. मग एका कडेनं, सगळ्या अंगावरून नाही, एकाच कडेनं, जिथं पिनेनं भुकटी एकजीव न करता गोळा करून ठेवली होती तिथून, बुडबुडे उठायला लागले. मोठे, घाईचे, एकावर एक फुटणारे. ताम्हणाच्या काठापर्यंत फेस आला. वहिनी म्हणाली, “अगं बया!”

अव्वानं डोळे उघडले आणि तिचा चेहरा उजळला. तिनं माझा हात धरला, जवळ ओढलं, ताम्हणाकडं वाकवलं. “बघ की गं, तुझ्यापरीस किती जोरात श्वास घेऊन राहिली ही. ही पोरगी लई पुढं जाणार, बघ तू. तिला सांग, लातूरच्या म्हातारीनं सांगितलंय म्हणून.” तिनं ओंजळीत पंचामृत घेऊन पुन्हा एकदा माझ्या प्लेटीवर घातलं, मायेनं, कोपरे न् कोपरे भिजवत, जसं मी सारा जन्म तिनं घालावं म्हणून वाट बघितली होती. मी “सांगते” म्हटलं. अव्वाचा ओला हात माझ्या हातावर होता, ताम्हणात माझी प्लेट फसफसत होती, आणि मला लुंबिनीचा हेवा वाटत होता.